मोरीत गेलेली कणीक

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत हट्टाने तळमजला मागून घेणारी माणसं म्हणजे गुणवंत आणि मीनाक्षी. का, तर अंगणात अळू लावता येईल! जुलैतल्या त्या रविवारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. अळू पाण्याखाली गेलं, पाठोपाठ रस्ता गेला, शेजाऱ्यांच्या स्कूटर गेल्या. आणि नेमक्या त्याच दिवशी गाझियाबादहून इशिता आणि तिची आई वीणाताई जेवायला यायच्या होत्या.

जेवण कसलं, परीक्षाच ती! या नवराबायकोचा मुलगा चिन्मय आणि इशिता यांचं जमलेलं होतं, पण वीणाताईंचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. फोनवर त्यांनी स्पष्टच विचारलं होतं, "लवकरच तुमचे मिस्टर रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार. मग माझी मुलगी राहणार कुठे?" त्यांची स्वतःची दुमजली कोठी, म्हणजे बंगलाच. मीनाक्षीकडे कोठी नव्हती, पुरणपोळी होती. आपल्या पोळीपुढे भलेभले विरघळतात याची तिला खात्री. म्हणून सकाळीच पुरण वाटून, कणीक तेलात तिंबून मुरत ठेवली होती.

"अगं, नका येऊ म्हणून कळव ना," गुणवंत म्हणाले.

"निघाल्यासुद्धा! मेट्रोत आहेत."

पाणी पायरीला लागलं तशी तिघं दारावर तुटून पडली. पोती, सतरंज्या, चिन्मयच्या जुन्या जीन्स, सगळं उंबऱ्यात कोंबलं. दारातून थेंब आत येईना. गुणवंत मिशीतल्या मिशीत हसले. तेवढ्यात मागून गुळगुळ आवाज आला. बघतात तर काय, न्हाणीघराच्या मोरीतून काळं पाणी वर येऊन स्वयंपाकघराकडे निघालेलं! पुढचं दार राखत बसले आणि मागचं सताड उघडं. शाब्बास!

"मम्मी, टॉवेल घाल यार!" चिन्मय ओरडला. टॉवेल घातला, पाण्याने तो वर फेकून दिला.

आणि दारात वीणाताई! साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, चपला हातात, मागे भिजून चिंब इशिता. पोती ओलांडून त्या आत आल्या आणि सरळ मोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. झालं, मोडलं लग्न, मीनाक्षीच्या मनात आलं. लाजेने तिला वर बघवेना.

"मळलेली कणीक आहे का?" वीणाताईंनी विचारलं.

मीनाक्षी म्हणाली, "आहे, पण पुरणपोळीची."

"आणा."

आणा म्हणे! सकाळपासून जिच्यावर सगळी भिस्त, ती मोरीत घालायची? पण पाणी आता घोट्याला लागलं होतं. तिने परात आणून पुढे ठेवली. वीणाताईंनी कणकेत बोट रुतवलं.

"अहाहा, काय मुरलीय! पोळी फर्स्ट क्लास झाली असती. पण मोरीला इतकी सैल चालत नाही. सुकं पीठ घाला, भरपूर."

दोघी न्हाणीघरात उकिडव्या बसल्या. एकीने पीठ घातलं, दुसरीने मळलं. घट्ट गोळा फडक्यात बांधून भोकात ठासला आणि वर पाट्यावरचा वरवंटा दाबून ठेवला. पाणी थोडं चरफडलं आणि थांबलं.

"हे तुम्हाला कसं ठाऊक?" मीनाक्षीने विचारलं.

वीणाताई खो खो हसत सुटल्या. "दर पावसाळ्यात करते! आमच्या कोठीत शिरतंच की पाणी. कुणाला सांगत नाही इतकंच. पावसाला काय घराच्या रजिस्ट्रीचे कागद दाखवायचे?"

दुपारी पाऊस थांबला, पाणी ओसरू लागलं. घर धुऊन पुसून सगळे दिवाणावर पाय वर घेऊन बसले. पोळ्या कुठल्या आता! वाटीत नुसतं पुरण, वर तुपाची धार. वीणाताईंनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, तीही संपवली आणि चमचा खाली ठेवला.

"लग्न मे महिन्यात उरकू. पाऊस यायच्या आत."

"आणि राहायचं?" गुणवंतांनी चाचरत विचारलं.

"राहतील हो कुठेतरी, दोघं कमावतात. पुरणपोळीची कणीक मोरीत घालायला तयार होणारी सासू मला कुठे मिळायची?"

मीनाक्षीला हुंदकाच फुटला. पदर तोंडाला लावून ती घळाघळा रडायला लागली.

"अहो, आता तुम्ही नका सुरू होऊ!" वीणाताईंनी तिला जवळ घेतलं. "कणीक संपलीय सगळी!"