मस्कतचं मशीन

सरलाने नारळाचं सोडण राखेत बुडवलं आणि आपल्या घराच्या पायरीवरच्या शेवाळावर इतक्या जोराने घासलं की तिच्याच बोटाचं सालटं निघालं. दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे कोणीतरी हसलं. आधी तिचा नवरा जयराम, मागोमाग शेजारची नीरजा. मशीन दुरुस्त करताना हसण्यासारखं काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. सरलाने बोट तोंडात धरलं आणि ऐकत राहिली.

चतुर्थी आठवड्यावर आली होती. भावकीचा गणपती एकच, आणि तो बसायचा नीरजाच्या घरी, कारण ते थोरल्या पातीचं, वडील शाखेचं घर. मूर्ती चित्रशाळेतून डोक्यावरून यायची आणि रस्त्यापासून ओटीपर्यंत चिऱ्याच्या उभ्या पायऱ्या. पावसाने त्यांवर हिरवं बुळबुळीत शेवाळ धरलेलं. मूर्ती घेतलेल्याचा पाय तिथे घसरला तर काय, हा विचारसुद्धा तोंडवलीत कोणी मोठ्याने करत नसे. म्हणून गेल्या वर्षी नीरजाच्या नवऱ्याने, सत्यवानाने, मस्कतहून जोराने पाणी मारायचं मशीन आणलं. विजेवर चालायचं. खटका दाबला की शेवाळ निघून खालचा तांबडा चिरा नव्यासारखा दिसायचा. अख्खी वाडी बघायला जमली होती. सरला गेली नव्हती. तिने गडग्याच्या फटीतून पाहिलं होतं.

यंदा मशीन सुरूच होईना. सत्यवान मस्कतला, तेव्हा हाक जयरामला. जयराम हायस्कुलात क्लार्क, पण त्याच्या हाताला गुण होता. रेडिओ, शिलाईचं मशीन, शेतातला पंप, काहीही त्याच्यापुढे ठेवा. फक्त स्वतःच्या घरातलं ठेवू नका. सरलाच्या विहिरीचा रहाट शिमग्यापासून करकरत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

पण तिला खरं खुपलं ते वेगळंच. ग्रीस आणि चिखलाचं काम करायला माणूस जुना गंजीफ्रॉक घालून जातो. जयराम इस्त्रीचा टेरिकॉटचा शर्ट घालून जाई. त्याआधी दाढी. रविवारी सकाळी तर त्याने केसाला तेल लावताना आरशापुढे दोनदा मान वळवली. लग्नानंतर सरलासाठी त्याने मान एकदाही वळवली नव्हती.

"झाला काय ता मशीन?" रात्री जेवताना तिने विचारलं.

"खंय? आतलो रबराचो वायसर गेलो आसा. हयसर मिळणा नाय."

"मग सोडून देवा. हातान घासतीत."

"वयनी एकटी घासतली? काय बोलतंस तू?"

तुमची बायको एकटीच घासते आहे, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने वाटीत आमटी ओतली, थोडी जास्तच, आणि ती ताटात सांडली. जयरामचं लक्षही गेलं नाही.

त्यातून नीरजा सरलाहून सहा वर्षांनी लहान. सत्यवानाने लग्न उशिरा केलं, म्हणून. तरी नात्याने थोरली जाऊ, त्यामुळे सरलानेच तिला 'वयनी' म्हणायचं आणि तिने 'गो सरला'. खारेपाटणच्या दुकानदाराची पोर, नायलॉनच्या साड्या, मस्कतचा साबण. तो वास गडगा ओलांडून यायचा. सरलाचा जळफळाट व्हायचा. हीच बाई काहीतरी मोडून ठेवत असणार, तिने मनाशी पक्कं केलं होतं. नवरा परदेशी, दिवस मोठा, करमत नसणार. दुसरीच्या नवऱ्यावर करमवून घ्यायचं.

बुधवारी जयरामने रजा टाकली आणि वायसर शोधायला सकाळच्या गाडीने कसालला गेला. सरलाने दुपारची भांडी आवरली, हळदीची चार पानं तोडली आणि गडग्याला वळसा घालून निघाली. पानं निमित्ताला. तिला एकदाच त्या बाईच्या डोळ्यात बघायचं होतं.

नीरजा पायऱ्यांवर गुडघे टेकून बसली होती. साडी खोचलेली, कोपरापर्यंत राख, हातात सोडण. कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलेलं.

"ये गो सरला. बघ माझी दशा."

सरला पानं हातात धरून उभीच राहिली. इतकं ठरवून आली होती, आणि समोर हे.

"मशीन आसा ना?"

"मशीन आसा, पण उपेग काय?" नीरजाने मनगटाने कपाळ पुसलं. "तुका म्हणान सांगतंय, रागाव नको. भावोजी रोज येतत, खोलतत, परत बंद करतत. माका वाटता, तेंका ता जमणा नाय. तोंडावर कसा सांगतलंय? मी दोनदा म्हटलंय, ऱ्हवांदे, मी हातान करतंय. ते ऐकणत नाय. दिवेलागणीपर्यंत बसतत, मगे चाय करूक लागता. माझा सगळा काम पडान ऱ्हवता. तूच सांग गो तेंका."

सरलाच्या छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता. उतरलाही, पण त्या जागी लगेच राग आला. माझ्या नवऱ्याला जमत नाही? मालवणच्या बाजारातले लोक ज्याच्याकडे पंप आणतात, त्याला?

"जमणा नाय असा होऊचाच नाय," ती म्हणाली. "दाखव बघया मशीन."

"सुरू करू नको म्हणान सांगल्यानी हत. मोटर जळात."

"जळली तर माझ्या नावार."

मशीन ओटीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली होतं. सरला उकिडवी बसली. पाइप जिथे मशीनला जोडला होता, तिथे नवं काळं रबर होतं, सायकलच्या ट्यूबचं गोल कापलेलं, नीटनेटकं. वरून तांब्याची तार आवळून तिची टोकं आत वळवलेली. हाताला टोचू नये म्हणून जयराम नेहमी तशीच वळवायचा.

"हो रबर कधी बसयल्यानी?"

"हो? गेल्या आठवड्यातल्या सोमवारीच."

सरलाने पाइपचं दुसरं टोक पाण्याच्या पिंपात सोडलं. नीरजाने भीत भीत बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, नळीचा पाइप ताठ झाला. सरलाने नळीचा खटका ओढला आणि पाणी असं सुटलं की पायरीवरचं शेवाळ पट्ट्यापट्ट्याने उडालं.

सरलाने खटका सोडला. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. नवऱ्याला सगळं जमत होतं. नऊ दिवसांपूर्वीच जमलं होतं.

नीरजाने खोचलेली साडी सोडली, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. "सरला, शपथ घेतंय. माका म्हायती नव्हता."

"म्हायती आसा माका," सरला म्हणाली. इतके दिवस या बाईला मनात शिव्या घातल्या होत्या. त्या आता कोणाला घालायच्या, हे कळत होतं, आणि तेच सोसत नव्हतं. नीरजावर जळणं सोपं होतं. सरलाने डोळे पुसले, हाताला लागलेल्या गोणपाटाच्या धुळीने ते आणखी चुरचुरले. मग म्हणाली, "पिंप भर, वयनी. वरसून सुरू करूया."

दोघींनी मिळून सगळ्या पायऱ्या धुतल्या. नीरजा विहिरीचं पाणी ओतत होती, सरला मारत होती.

ऊन उतरता उतरता जयराम आला. शर्टाची इस्त्री गाडीच्या गर्दीत मोडली होती. खिशात वायसरची लहानशी कागदी पुडी. तो स्वतःच्या घराकडे वळला नाही, सरळ इकडेच आला. खालच्या पायरीशी येऊन त्याने वर पाहिलं. तांबड्या, स्वच्छ पायऱ्या, आणि सगळ्यात वर, हातात नळी धरलेली आपली बायको.

"तू हयसर?" तो म्हणाला. मग मशीनकडे बघून, "चालू कसा झाला?"

"तुमच्या हाताक गुण आसा. मी वयनीक ताच सांगलंय."

त्याने पुडीवर हात ठेवला. नीरजाकडे पाहिलं. नीरजा पिंपात बघत होती. तो पायरीवर पाय ठेवणार, इतक्यात सरलाने खटका ओढला. पाणी त्याच्या पायापुढच्या चिऱ्यावर आदळलं. तो मागे सरकला.

"ओला आसा," ती म्हणाली. "घसराल. घराक जावा, मी येतंय."

जयराम वळला आणि गडग्याच्या कडेने चालू लागला. तो दिसेनासा होईपर्यंत सरलाने खटका सोडला नाही.

नीरजाने बटण बंद केलं. ती पाइप गुंडाळायला वाकली, तशी सरलाने दुसरं टोक उचलून धरलं.