रग्नाने तलाव उघडा ठेवला

नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य डोंगरामागे गेला की जानेवारी सरत आल्यावरच परत दिसायचा. नॉर्वेच्या उत्तर टोकावरच्या त्या कोळ्यांच्या गावात याचं कुणाला काही वाटत नसे. "काळोख काय एकट्या तुलाच आहे?" असं म्हणून माणसं कामाला लागत. म्हणूनच शाळेत पोहायला शिकवणारी रग्ना आपलं दुखणं लपवत आली होती. डिसेंबर लागला की तिचे हातपाय शिशासारखे जड व्हायचे, झोप संपता संपायची नाही. शाळेत ती ताप आल्याचं कळवायची. गेल्या वर्षी तो ताप पाच आठवडे चालला आणि शाळेचा पोहण्याचा तलाव बंद राहिला. वसंतात धक्क्यावरून एक सात वर्षांची मुलगी पाण्यात पडली. माणसांनी तिला वेळेत बाहेर काढलं, पण तिला पोहता येत नव्हतं, हे रग्नाच्या जिवाला लागलं.

या ऑक्टोबरात ती स्वतःहून डॉक्टरकडे गेली. रोज सकाळी अर्धा तास उन्हासारख्या प्रखर दिव्यापुढे बसायचं ठरलं. पण दिव्यापर्यंत जायला आधी उठायला तर हवं! ती शेजारच्या टोरलाइफकडे गेली. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा एके काळी बोटीचा कप्तान होता. जीभ अजून तिखट होती.

"मला हिवाळ्यात उठवत नाही. आजारच आहे तो. रोज साडेसहाला माझं दार ठोठावाल?"

म्हातारा म्हणाला, "कॉफी पाजणार असशील तर."

तेव्हापासून दारावर रोज मूठ आपटू लागली.

"ऊठ गं बये! मासेसुद्धा जागे झाले!"

"मरो ते तुमचे मासे!" रग्ना पांघरुणातून ओरडायची. पण उठायची. मग दोघं दिव्यापुढे कॉफी पीत बसायची आणि आठला तलावाचं दार उघडायचं.

नऊ जानेवारीला मूठ आपटलीच नाही. रग्नाला जाग आली तेव्हा सात वाजले होते. झोपून राहायला निमित्त आयतंच मिळालं होतं. पण म्हातारा चुकणारा नव्हता. तिने झोपेच्या कपड्यांवरच कोट चढवला आणि बर्फ तुडवत त्याच्याकडे गेली.

टोरलाइफ भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"काय होतंय?"

"तुला होतं तेच. चाळीस वर्षं होतंय. बायको होती तोवर ती उठवायची." त्याचा आवाज खोल गेला होता. "यंदा तुला उठवायचं म्हणून उठत होतो. आज नाही जमलं."

रग्नाने त्याच्या पलंगावर मूठ आपटली. "कप्तान, उठा! मला कामावर जायचंय, आणि तुम्हाला असं टाकून मी जाणार नाही."

तिने घरून दिवा आणला, कॉफी केली, त्याला खुर्चीत बसवलं. त्या दिवशी तलाव वीस मिनिटं उशिरा उघडला. पण उघडला.

सूर्य परतला त्या दिवशी सारं गाव टेकडीवर जमलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "यंदा तलाव एक दिवसही बंद राहिला नाही." टाळ्या पडल्या. तेवढ्यात टोरलाइफ पुढे आला.

"मला हिवाळ्यात अंथरुणातून उठवत नाही," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "या पोरीने उठवलं. तिलाही तोच आजार आहे. ज्याला हसायचं त्याने आत्ताच हसून घ्यावं."

कुणी हसलं नाही. गर्दीतून बेकरीवाली बाई म्हणाली, "पुढच्या वर्षी माझंही दार ठोठावा."

रग्ना ताठ मानेने उन्हाकडे तोंड करून उभी राहिली. "साडेसहाला," ती म्हणाली. "आणि पाव तुझा."