निळ्या डोळ्याचा ठिपक्या

ज्यांच्याकडून कुत्रं घेतलं होतं ते केनेलवाले सकाळीच येतो म्हणाले होते. तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. मी तर बोलणारच नव्हते. उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन हा माझा नेम, सून या घरात आली त्याच्याही आधीपासूनचा. त्यामुळे आमचा सकाळचा सगळा कारभार हातांनी चालतो. चहा झाला का, गॅस बारीक कर, डबा विसरलास, छत्री घे, सगळं हातांनी. मुलगा आल्यागेल्याला सांगतो, "आमच्याकडे सकाळी मूकनाट्य असतं. तिकीट नाही, पण मध्ये उठून जायचं नाही."

त्या दिवशी मात्र माझ्या हातांकडेही कुणी बघत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी ठिपक्या चिमीला चावला होता. चिमी माझी नात, पहिलीत जाते. ठिपक्या एरवी बाहेरच्या दाराला पाठ लावून झोपायचा, पण त्या संध्याकाळी तिथे चपलांचं स्टँड धुऊन वाळत ठेवलं होतं म्हणून तो मधल्या बोळात पसरला होता. चिमी खेळून आली ती थेट मागून त्याच्या गळ्यात पडली. तो झोपेतून दचकून उठला आणि वळून त्याने तिचं मनगट धरलं. सोडलंही लगेच. कान पाडून सोफ्यामागे जाऊन बसला आणि थरथरत राहिला. पण दात लागायचे ते लागले होते. डॉक्टरांनी जखम साबणाच्या पाण्याने बराच वेळ धुतली, इंजेक्शनं दिली, पट्टी बांधली. परत येताना चिमी बापाच्या खांद्यावर झोपली होती. गाडीतून उतरण्याआधीच त्याने केनेलवाल्यांना फोन लावला. "तुमचं कुत्रं घेऊन जा."

हे कुत्रं आणलं तेही त्यानेच. वर्षापूर्वी घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. लॅब्रेडोर फार खातो, जर्मन शेफर्डला जागा लागते, पगला धाप लागते. तो मोबाइलवर फोटो दाखवायचा आणि सून भाजी निवडता निवडता म्हणायची, "नवरा निवडताना मी एवढे फोटो बघितले नव्हते. चुकलंच माझं." तिचं म्हणणं होतं, गेटजवळच्या कुत्रीला पिल्लं झाली आहेत, त्यातलं एक उचलून आणू. त्यावर हा म्हणायचा, "त्याची जात कुठली सांगणार लोकांना?" ती म्हणायची, "गेटची."

शेवटी डाल्मेशियन आला. पांढराशुभ्र, अंगावर काळे ठिपके, एक डोळा काळा आणि एक निळा. त्या निळ्या डोळ्यावरच माझा मुलगा भाळला होता.

पिल्लू गोड होतं, पण मुलाचं काही ऐकायचं नाही. तो संध्याकाळी कामावरून आला की हाका मारून मारून घसा कोरडा करायचा, आणि हे आपलं खिडकीबाहेर बघत बसलेलं. "हट्टी जात आहे," तो म्हणायचा. "सगळीकडे लिहिलंय, डाल्मेशियन हट्टी असतो." माझं आणि सुनेचं मात्र ऐकायचा. त्याला सकाळी खायला मी घालायची. तळवा समोर धरला की बसून थांबायचा, हात खाली केला की जेवायला लागायचा. दोन बोटांनी खुणावलं की जिथे असेल तिथून पळत यायचा. सुनेने माझंच बघून उचललं होतं. त्यावर मुलगा म्हणायचा, "सासू-सुनांचं पहिल्यांदा एकमत झालं तेही माझ्या विरोधात."

तर ते केनेलवाले आले. गोरेसे, जाड, बोलायला मधाळ. हातात चामड्याचा पट्टा आणि गाडीच्या किल्ल्या. चिमी आतल्या खोलीत होती. तिने दार लावून घेतलं होतं आणि आतून कडीही घातली होती.

"होतं असं साहेब," ते बसता बसता म्हणाले. "लाड जास्त झाले की डोक्यात जातं त्यांच्या. तुम्ही काळजी करू नका. ह्याला नेतो, पुढच्या महिन्यात दुसरं पिल्लू देतो. आई तीच, खानदान तेच. तुम्हाला एक पैसा पडणार नाही."

"मला दुसरं नको," मुलगा म्हणाला. "हे फक्त घेऊन जा."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रात्री तिचं आणि त्याचं जे बोलणं व्हायचं ते झालं होतं. त्याने तिला एकच विचारलं होतं, "उद्या तोंडाला चावला तर?"

ठिपक्या गॅलरीच्या दाराशी बसून खालच्या रस्त्याकडे बघत होता, आमच्याकडे पाठ करून. केनेलवाले उठले आणि सावकाश त्याच्या मागे गेले. मला वाटलं पट्टा लावतील. पण त्यांनी आधी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या डोक्यामागे धरला आणि खुळखुळ वाजवला.

कुत्र्याचा कान हलला नाही.

त्यांनी पुन्हा वाजवला, जरा जवळ. मग किल्ल्या खिशात टाकल्या आणि पटकन मागे वळून बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. मुलगा फोनमध्ये बघत होता. सून जमिनीकडे. मी बघत होते. तोंड बंद ठेवायची सवय असली की डोळे जरा जास्तच उघडे राहतात.

"चला," ते एकदम घाईने म्हणाले. "निघतो मी. उशीर झालाय." आणि वाकून पट्टा अडकवायला लागले.

मी आत गेले. धुतलेली ताटं ओट्यावर होती. त्यातलं एक ताट आणि पळी घेऊन बाहेर आले, ठिपक्याच्या मागे उभी राहिले आणि पळी ताटावर जोरात हाणली.

मुलाच्या हातातून फोन पडला. केनेलवाले दोन पावलं मागे सरले. आतून चिमी ओरडली, "काय झालं?"

ठिपक्या रस्त्याकडे बघत होता. खालून कुणीतरी सायकल नेत होतं, तिच्यामागे त्याची मान हळूहळू वळत होती.

"आई, काय हे," मुलगा म्हणाला. मी पुन्हा एकदा ताट वाजवलं आणि कुत्र्याकडे बोट दाखवलं.

आधी सुनेच्या लक्षात आलं. "त्याला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"काहीतरीच. बोलावलं की येतो तो."

"कुणी बोलावलं की? आईंनी हात केला की येतो. मी हात केला की येतो. तू हाक मारलीस आणि आला, असं एकदा तरी झालंय?" तिचा आवाज चिरकायला लागला. "दाराला पाठ लावून का झोपतो तो? दार उघडलं की धक्का बसतो म्हणून. नाहीतर त्याला कळणार कसं कुणी आलं ते? अरे, दुसऱ्या कुठल्याही घरात आठ दिवसांत कळलं असतं. आपल्याकडे सकाळभर सगळे हातांनीच बोलतात, म्हणून नाही कळलं."

मुलगा केनेलवाल्यांकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"साहेब, एवढुशा पिल्लाचं कुणाला कळतं? या जातीत निघतं एखादं तसं. निळा डोळा असला की जास्त." ते जरा थांबले. "आणि खरं सांगू का, मी तुमच्यापुढे काळ्या डोळ्यांचं ठेवलं होतं. तुम्हीच ते परत टोपलीत ठेवलंत."

मुलाच्या चेहऱ्याचा रंग बदलला. मला वाटलं, आता तरी पट्टा काढायला सांगेल. पण तो म्हणाला, "मग तर जास्तच वाईट. ज्याला मागून आलेलं माणूस कळत नाही असं कुत्रं, आणि घरात लहान पोर. न्या तुम्ही."

तो चुकीचं बोलत नव्हता. तेच तर कठीण होतं.

"नेऊन काय करणार याचं?" सुनेने विचारलं.

"बघतो आम्ही."

"म्हणजे काय करता?"

"वहिनी, बहिरं कुत्रं कोण घेणार? आमचे डॉक्टर आहेत. एक इंजेक्शन. त्याला कळतसुद्धा नाही." मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी घाईने जोडलं, "सगळे हेच करतात."

"आणि त्याच आईची अजून पिल्लं तुम्ही पुढच्या महिन्यात विकणार."

"तिचे ठिपके फार सुंदर येतात," ते म्हणाले, आणि मला वाटतं ते त्यांनी मनापासून सांगितलं.

पट्टा लागला होता. त्यांनी ओढ दिली. ठिपक्याने चारही पाय फरशीवर रोवले. नखं कर्रकन घासली. तो ना ओढणाऱ्याकडे बघत होता, ना मुलाकडे. तो माझ्या हातांकडे बघत होता, काय करू म्हणून. आणि माझ्या हातांत ताट होतं, पळी होती.

मी दोन्ही खाली ठेवलं.

"पट्टा सोडा," मी म्हणाले.

माझा आवाज मुळातच लहान. पण भिंत बोलल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलाने आधी घड्याळाकडे पाहिलं. "आई, तुझं मौन…"

"राहू दे. त्याचं मी आणि देव बघून घेऊ." मी त्याच्या जवळ गेले. "चिमीचा हात मला दिसत नाही असं वाटतं का तुला? रात्री ती माझ्याच कुशीत कण्हत होती. पण झोपेत कुणी मागून गळा आवळला तर तूही लाथ झाडशील. तो तिच्यावर धावून गेला नाही, घाबरला."

"उद्या पुन्हा घाबरेल."

"घाबरेल. म्हणून मी म्हणत नाही की माझ्यासाठी ठेव. मी किती दिवस पुरणार आहे? घरातल्या कर्त्या माणसाला ज्याची भीती वाटते ते जनावर आज नाही तर उद्या जातंच. तू त्याला हाताने सांगून बघ. ऐकलं तर ठेव. नाही ऐकलं तर मी आड येणार नाही."

"आई," सून दबक्या आवाजात म्हणाली. तिला वाटलं, मी त्याचा जीवच पणाला लावला. लावलाच होता. पण दुसरं माझ्यापाशी होतं काय?

केनेलवाल्यांनी उसासा टाकला. "साहेब, मला अजून दोन ठिकाणी जायचंय. आणि आज नेलं नाही तर नंतर मी परत घेणार नाही, ते आत्ताच सांगतो."

मुलगा खोलीच्या मधोमध उभा राहिला. त्याने हात पुढे केला, रस्त्यावर गाड्या अडवतात तसा, ताठ, कपाळाला आठ्या घालून. ठिपक्याने त्याच्याकडे एकदा बघितलं, दचकून मान खाली घातली आणि पुन्हा माझ्याकडे वळला. मी हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. तो माझ्या कोपरांकडे बघत राहिला. शेपूट पोटाखाली गेली होती.

"बघा," केनेलवाले म्हणाले.

"जरा गप्प बसता का," मुलगा म्हणाला.

त्याने हात खाली घेतला. शर्टाला तळवा पुसला. मग तो कुत्र्याच्या समोर आला, गुडघे जरा वाकवले, त्याच्या नजरेत येईपर्यंत थांबला, आणि तळवा उघडून हळूच पुढे धरला. बोटं सैल, अंगठा किंचित आत. ती माझी खूण होती. लहानपणी दूध कढत असताना तो पेल्याला हात घालायचा, तेव्हा मी त्याला अशीच थांबवायची. ते त्याला आठवलं की हातालाच आठवलं, मी विचारलं नाही.

ठिपक्याने निळा आणि काळा असे दोन्ही डोळे त्या तळव्यावर लावले. मागचे पाय वाकले, पुन्हा सरळ झाले. माझ्या पाठीमागे माझी बोटं दुखायला लागली.

तो बसला.

मुलगा तसाच वाकलेला, तसाच हात धरून, हळूहळू पुढे सरकला आणि दुसऱ्या हाताने मानेजवळची कडी चाचपून पट्टा सोडवला. ठिपक्या हलला नाही.

"हा तुमचा," त्याने पट्टा केनेलवाल्यांपुढे धरला. "आणि त्या कुत्रीला आता पिल्लं नकोत. मी येईन एक दिवस बघायला."

"ते आमचं आम्ही बघू," ते म्हणाले. मघाचा मध आवाजात राहिला नव्हता. पट्टा हाताला गुंडाळत ते जिना उतरले.

"तू नुसता बघायला जाऊ नकोस," सून म्हणाली. "मीही येणार. तक्रार कुठे करतात ते आधी शोधून काढते."

तेवढ्यात आतून चिमीचा आवाज आला. "बाबा, गेला का तो?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. आमच्यापैकी कुणी त्याच्या वतीने उत्तर देणार नव्हतं. तो बंद दारापाशी गेला आणि जमिनीवरच बसला.

"नाही," तो म्हणाला. "इथेच आहे. त्याला ऐकू येत नाही गं चिमी. तू आलीस ते त्याला कळलंच नाही."

कडी काही वाजली नाही.

"मी बाहेर येणार नाही," ती म्हणाली.

"नको येऊस. मी बसलोय इथे. तुला यावंसं वाटेल तेव्हा सांग, मग आधी मी त्याला दाखवेन तू आली आहेस म्हणून. आणि झोपलेला असेल तर कुणीच हात लावायचा नाही. मी पण नाही."

"आजी पण नाही?"

"आजी पण नाही."

सून पुढे येऊन त्याच्याजवळ बसली. ठिपक्या अजून गॅलरीच्या दाराशी तस्साच बसून होता, मान ताठ, नजर मुलाच्या पाठीवर. त्याला कुणी बसवलं होतं आणि ऊठ म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. मुलाने वळून पाहिलं तेव्हा त्याच्या ते लक्षात आलं. त्याने भुवया उंचावून मला विचारलं, आता काय?

मी लांबूनच हात खाली करून दाखवला. मुलाने तसाच केला, आणि ठिपक्या उठला.