हिरवं केंद्रक

ताईने त्या दिवशी फोन करायलाच नको होता. पण आनंद पोटात ठेवायची सवय त्या घरात कुणालाच नाही, मग तिला तरी कुठून असणार. सूक्ष्मदर्शकाखाली धाकट्या भावाच्या पेशी होत्या, त्याच्याच दंडाच्या कातडीतून वाढवलेल्या. त्यांना तिने आपलं औषध दिलं होतं, डोळ्यांना दिसावं म्हणून हिरवा रंग जोडून. आणि तो हिरवा रंग प्रत्येक पेशीच्या केंद्रकात, अगदी मधोमध, जाऊन बसला होता.

भावाचं एक जनुक जन्मापासून झोपलेलं. त्यापायी आधी त्याचा तोल गेला, मग हात गेले, आता जीभ जड व्हायला लागली होती. ताईने घडवलेला औषधाचा रेणू केंद्रकात शिरणार, डीएनएला धरणार आणि त्या जनुकाला उठवणार, असा सगळा बेत. पण मेले रेणू कायम दारातच अडायचे. वर्षानुवर्षं जनुक काही उठलं नव्हतं.

"पोचलं?" त्याने फोनवर अडखळत विचारलं.

"पोचलं रे, राजा."

झालं. गड्याने आईकरवी खुर्चीवाल्याला फोन करवला आणि सांगून ठेवलेली चाकांची खुर्ची रद्द केली. म्हणाला, उगाच घरात अडगळ. भिंत धरून चालायला लागला. पडला, तरी हसत उठला.

मग प्रयोगशाळेतली मैत्रीण, जिची जीभ म्हणजे कात्री, फोटो बघून म्हणाली, "छान आलेत. पण बघताना जिवंत होत्या का गं या?"

ताईने फोटो पुन्हा ओढून घेतले. तिथली रीतच अशी, की पेशी बघण्याआधी त्यांच्यावर एक द्रव घालायचा, म्हणजे त्या जागच्या जागी थिजतात. थिजतात कसल्या, मरतात. पेशीच्या पडद्यांना भोकं पडतात आणि बाहेर अडलेलं काहीही आत घुसतं. बेवारस घरात कुणीही शिरावं तसं. एवढ्या शिकलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं? होतं की. पण हवं ते दिसलं की माणूस पुढे विचारत नाही.

तिने जिवंत पेशी पाहिल्या. पुन्हा वाढवून पुन्हा पाहिल्या. हिरवे ठिपके कडेकडेला, आणि मधलं केंद्रक काळंठिक्कर.

संध्याकाळी घरी गेली तर दार भावानेच उघडलं. केस विंचरलेले, ढोपर खरचटलेलं. त्याचा चेहरा बघून तिला वाटलं, उद्या सांगू. पण तोंड उघडलं आणि सगळंच सांडलं.

त्याने भिंतीला पाठ टेकली.

"म्हणजे जिवंतपणी नाही," एकेक शब्द जुळवत तो म्हणाला. "मेल्यावर."

"हो."

"मग आपल्याला घाई नाही."

आपल्याच विनोदावर तो हसला. ताईला काही हसू आलं नाही, ती ढसाढसा रडली. आत आईने नळ सोडला, आपलं रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"खुर्चीवाल्याला फोन लाव," तो म्हणाला. "आईच्याने आता होणार नाही. माझं बोलणं त्याला कळत नाही."

तिने लावला. पलीकडचा माणूस विचारत होता, खुर्ची हवीय, पण कुणासाठी? ताईने भावाकडे पाहिलं. तेव्हा भाऊ तिच्या हातातल्या फोनवर वाकला आणि सगळा जीव एकवटून म्हणाला, "माझ्यासाठी."

त्या माणसाला ते पहिल्या खेपेलाच कळलं.