चुकले तर इथेच येऊन सांगेन

मी माईक बोलतोय. होय, तोच! सगळे माझ्यात बोलतात, पण मला कुणी विचारत नाही. कारखान्यातून निघालो तो थेट सरकारी कचेरीच्या सभागृहात आलो. भाषणं ऐकून ऐकून माझे कान किटले. माझ्यासमोर आलेल्या प्रत्येकाला सगळंच ठाऊक असायचं. आधी फुंकर मारायची, मग थापा मारायच्या!

मग साथ आली. रोग नवा, डॉक्टरही चाचपडत होते. बाजार बंद करावा तर भाजीवाल्यांच्या पोटावर पाय, चालू ठेवावा तर इस्पितळात खाटा पुरायच्या नाहीत. कचेरीचे मोठे साहेब आरोग्य अधिकारी बाईंना म्हणाले, "सगळं आटोक्यात आहे म्हणून ठणकावून सांगा. लोकांना ठाम बोलणं लागतं."

"आणि उद्या तोंडघशी पडलो तर, साहेब? पुढच्या वेळी कोण ऐकेल आपलं?"

भरल्या सभागृहात लोकांपुढे बाईंनी मला हातात घेतलं. "हा रोग कसा पसरतो ते आम्हाला नक्की माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण वाट बघत बसलो तर उशीर होईल. म्हणून बाजार आणि बागा आजपासून बंद. आठवड्याने आजार किती वाढला ते बघू आणि पुन्हा ठरवू. चुकले तर इथेच येऊन सांगेन."

"हिलाच माहीत नाही, तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" मागून कुणीतरी ओरडलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. मलाही वाटलं, बाईंनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

आठवड्याने बाई आल्या. "बागा बंद केल्या, ती माझी चूक झाली. मोकळ्या हवेत धोका कमी दिसतोय. मुलांना उगाच कोंडलं. बागा उघडतोय, बाजारही मैदानात लांब लांब बसवू."

अहो, इतक्या वर्षांत 'माझी चूक झाली' हे शब्द माझ्यातून पहिल्यांदाच गेले! माझा ऊर भरून आला.

पुढे साथ पुन्हा उसळली, पहिल्याहून जोरात. बाजार परत बंद करायची वेळ आली. भाजीवाले तावातावाने सभागृहात घुसले. बाईंनी कारण सांगितलं. तेवढ्यात भाजीवाल्यांच्या पुढारी मावशींनी मला हिसकावलं.

"ही बाई चुकली तेव्हा तोंड लपवून बसली नाही. आज ती बंद म्हणते ना? मग बंद! भाजी आपण दारोदार पोचवू. आहे कुणाची हरकत?"

मावशींपुढे बोलायची कुणाची टाप होती!

त्या लाटेत इस्पितळातल्या खाटा पुरल्या. खाट नाही म्हणून एकालाही दारातून परत जावं लागलं नाही. बाजार उघडला तेव्हा मला मैदानात नेलं. बाई बोलायला उभ्या राहिल्या, पण टाळ्याच थांबेनात. सगळ्यात जोरात मोठे साहेब वाजवत होते!

आता मी खरखरतो. माझ्या जागी नवा माईक येतोय, येऊ दे. जाता जाता एवढंच मागतो. त्याच्यासमोर उभे राहाल आणि काही ठाऊक नसेल, तर तसं छातीठोक सांगा. एक अख्खं शहर त्यावर तरलंय, आणि ते ज्याच्यातून बोललं गेलं, तो मी होतो!