बोर्ड म्हणतो तेच खरं

मित्रांनो, बस डेपोच्या विश्रांती खोलीत, पाण्याच्या पिंपाशेजारी, गेली नऊ वर्षं एकाच खिळ्याला लटकणारा मी एक जुना इलेक्ट्रॉनिक डार्टबोर्ड आहे. माझा चेहरा गोल आहे आणि त्यावर हजारो बारीक भोकं आहेत. प्लॅस्टिकच्या टोकाचा बाण त्या भोकात रुतला की मला टोचतं, आणि मी लगेच गुण मोजतो. टोचून घेण्यातच ज्याचं आयुष्य गेलं त्यानं कुरकुर करू नये, म्हणून मी करत नाही. पण एकदा माझ्यामुळे दोन चांगल्या माणसांत अबोला आला होता. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या चेहऱ्यावर एक ते वीस आकड्यांच्या वीस फोडी एकेक करून बसवल्या. प्रत्येक फोडीच्या बाहेरच्या अंगाला एक अरुंद पट्टी असते, तिथे बाण लागला तर गुण दुप्पट. आतल्या पट्टीत लागला तर तिप्पट. पोटात त्यांनी सत्तावीस खेळ भरले आणि सोबत नियमांची एक पुस्तिका दिली. मला वाटलं, आता आपल्याला विद्वानांच्या घरी नांदायला मिळणार!

मिळालो डेपोतल्या एका मेस्त्रीला. त्यांनी निवृत्त होताना मला डेपोला भेट दिलं, पुस्तिका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली आणि सगळ्यांना तोंडी तीन खेळ शिकवले. एकात एकपासून वीसपर्यंत प्रत्येक आकडा ओळीने मारायचा. दुसऱ्याचं नाव क्रिकेट, पण त्यात ना बॅट ना बॉल. पंधरा ते वीस हे आकडे आणि मधला लाल ठिपका प्रत्येकी तीनदा मारून आपल्या नावावर करायचे. तिसरा खेळ सगळ्यांच्या आवडीचा, तीनशे एक. पाळीला तीन बाण, आणि तीनशे एक गुणांपासून वजा करत करत बरोबर शून्यावर यायचं. शून्याच्या खाली घसरलात तर ती पाळी फुकट, मी रडका सूर काढतो आणि पाळीआधीचे गुण पुन्हा दाखवतो. उरलेले चोवीस खेळ माझ्या पोटात झोपून राहिले. त्याचं मला वाईट वाटे, पण सांगणार कुणाला?

तरी ते दिवस सुखाचे होते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी डेपोत सामना रंगायचा. एका गाडीचे ड्रायव्हर आणि कंडक्टर म्हणजे एक जोडी, आणि जिंकणाऱ्या जोडीला पुढचा महिनाभर सकाळपाळी. सकाळपाळी म्हणजे दुपारी घरी, आणि त्यासाठी भलीभली माणसं हात जोडून माझ्यासमोर उभी राहायची.

त्यांच्यात एक जोडी माझी लाडकी होती. ड्रायव्हरला सगळा डेपो मामा म्हणायचा. मामांची गाडी थांबली तरी उभ्या प्रवाशाचा तोल जात नसे. त्यांची कंडक्टर होती ताई, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आणि जिभेनं तिखट. दोघं अकरा वर्षं एकाच गाडीवर. ताईनं डबा उघडला की पहिला घास मामांच्या झाकणात पडायचा, आणि मामा रोज म्हणायचे, "मीठ कमी आहे." ताई रोज म्हणायची, "मग उद्यापासून तुम्ही करून आणा."

त्या शनिवारी सकाळी सफाईवाल्या मावशींनी मला ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं. वरिष्ठ साहेब येणार होते ना! पुसता पुसता माझं खालचं एक बटण दाबलं गेलं आणि कोपऱ्यात मोहरीएवढा लाल दिवा लागला. त्याचा अर्थ असा की तीनशे एकमध्ये शेवटचा बाण दुपटीच्या पट्टीतच लागला पाहिजे, नुसतं शून्य करून भागणार नाही. हा नियम पुस्तिकेत होता आणि पुस्तिका टेबलाखाली होती.

आधीच्या फेऱ्या क्रिकेटच्या झाल्या, आणि दुपारी शेवटची तीनशे एकची फेरी अटीतटीला आली. मामा आणि ताईला सोळा गुण हवे होते. ताईनं श्वास रोखून बाण फेकला आणि तो सोळाच्या फोडीत बरोबर मधोमध बसला. "जिंकलो!" ती ओरडली. पण माझा दिवा लागलेला होता, माझा नाइलाज होता. मी रडका सूर काढला आणि पुन्हा सोळा दाखवले.

"बिघडलाय हा," ताई म्हणाली.

"बोर्ड म्हणतो तेच खरं," मामा म्हणाले. "तो काय उगाच रडेल? बाण फेकताना तुझाच पाय जमिनीवरच्या रेषेपुढे गेला असेल."

मित्रांनो, मला पाय दिसतच नाहीत! मला फक्त टोचणं कळतं. पण हे मी कसं सांगणार?

ताईनं उरलेले दोन बाण टेबलावर ठेवले. "अकरा वर्षांत कुणी माझं एक तिकीट चुकीचं ठरवलं नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही चारचौघांत मला लबाड ठरवलंत, मामा." ती निघून गेली. समोरच्या जोडीला वीस हवे होते. त्यांचा बाण नशिबानं दहाच्या बाहेरच्या पट्टीत लागला, दुप्पट झाले, आणि मी विजयाची धून वाजवली. मग तर कुणाला शंकाच उरली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामांच्या गाडीत फक्त घंटी बोलू लागली. थांबायला एक, निघायला दोन. ताई डबा वेगळ्या बाकावर खाऊ लागली. तिसऱ्या दिवशी तिनं मॅनेजरसाहेबांकडे अर्ज दिला की मला दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर ड्युटी द्या. मामांना ते कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तिची मर्जी." पण हातातला चहा त्यांनी तसाच ओतून दिला. माझ्याशी खेळायचा उत्साह कुणालाच राहिला नाही. माझ्यावर धूळ बसली, आणि मला वाटलं, बसू दे, आपली लायकीच ती.

अकराव्या दिवशी भर दुपारी खोलीत कुणी नसताना मामा आले. त्यांनी मला सुरू केलं (एकदा लावलेला नियम मी बंद होऊनही विसरत नाही) आणि एकटेच तीनशे एक खेळू लागले. सहा उरले. त्यांनी सहाच्या फोडीत बाण मारला. मी रडलो. मामांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं. पाय रेषेच्या चांगला वीतभर मागे होता. त्यांनी पुन्हा सहा मारला, मी पुन्हा रडलो. तिसऱ्यांदा रडलो तेव्हा मामा धपकन बाकावर बसले. त्यांच्या कोपराखाली टेबल डुगडुगलं. त्यांनी वाकून पाहिलं, पायाखालची पुस्तिका ओढून काढली आणि चष्मा लावला.

ते पानावर बोट ठेवून शाळेतल्या मुलासारखं मोठ्यानं वाचत होते. "शेवट दुपटीनेच, अशी निवड केल्यास लाल दिवा लागतो." मग माझ्याजवळ येऊन ते इतके वाकले की त्यांचा श्वास माझ्या आकड्यांच्या काचेवर उमटला. दिवा दिसला. "अरेरे," मामा म्हणाले, "काय करून बसलो मी!" माझ्या पोटातल्या तारा त्या दिवशी आनंदानं गरम झाल्या.

त्यांना बटण दाबून दिवा घालवता आला असता, पण त्यांनी तसाच ठेवला. दोन वाजता पाळी बदलली आणि खोली माणसांनी भरली. ताईही दारात उभी होती. मामा उठले. सगळ्यांना दिवा दाखवला, नियम वाचून दाखवला.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "माझ्या फडक्यानं झालं की काय हे?"

"फडक्याचा काय दोष, मावशी? फडक्यानं नुसता दिवा लावला. जीभ माझी चालली." मामा ताईकडे वळले. "तू जिंकली होतीस. तुझा पाय मागेच होता."

ताईनं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही माझ्या पायाकडे बघत होतात?"

"नाही. बोर्डाकडे बघत होतो."

"मग?"

"मग काय. न बघताच बोललो." मामांनी चष्मा काढला. "सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागतो. चुकलं माझं."

मग ताई म्हणाली, "अकरा दिवस घंटी वाजवून वाजवून खांदा दुखायला लागलाय माझा. आता उद्यापासून तोंडानं सांगत जाईन." आणि सगळी खोली खदखदून हसली.

अर्ज मात्र वर पोहोचला होता, आणि कागद एकदा वर गेला की लवकर खाली येत नाही. महिनाभर दोघांना वेगळ्या गाड्यांवर काम करावं लागलं. म्हणे चौकात दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या की मामा दोनदा हॉर्न वाजवायचे आणि प्रवासी बुचकळ्यात पडायचे. महिना संपला, नवा अर्ज मंजूर झाला, आणि डब्याचा पहिला घास पुन्हा मामांच्या झाकणात पडू लागला.

पुस्तिका आता माझ्याच खिळ्याला दोरीनं बांधलेली आहे. खेळ सुरू होण्याआधी ताई नियम मोठ्यानं वाचते आणि सगळे "कबूल" म्हणतात. माझे चोवीस झोपलेले खेळही एकेक करून जागे होताहेत, गेल्या आठवड्यात नववा झाला. टेबल मात्र अजून डुगडुगतं, त्याकडे कुणीतरी बघायला हवं.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्यानं पुसा, बाण जपून काढा, एवढं केलंत तरी मी आणखी दहा वर्षं टोचून घेईन. पण कधी मी रडलो, तर लगेच माझी बाजू घेऊ नका. ज्यानं बाण फेकला त्याला आधी विचारा, "काय झालं रे?" मामांना ते कळायला अकरा दिवस लागले. तुम्हाला लागू नयेत.