उलट गाठ

सुतळीचं एक टोक पिंजारलं होतं. दयाने पर्समध्ये हात घालून ते पुन्हा एकदा चाचपलं — टोक, मग थोडी सरळ सुतळी, मग ती गाठ, बोराएवढी, तीन वर्षं बोटांखाली फिरून गुळगुळीत झालेली — आणि हात बाहेर काढला. समोर गुंजाळ सर फळ्याची चौकट स्वतःच्या रुमालाने पुसत होते. विभागप्रमुख असूनही स्वतः. कारण आज पुण्याहून विद्यापीठातले डॉक्टर रिसबूड यायचे होते, आणि संगमनेरच्या या कॉलेजात गणिताचा पाहुणा म्हणजे सरांच्या घरचं कार्यच. पाहुण्यांना त्यांनी पत्राने सगळं कळवलं होतं — एस.टी. कुठे थांबते, टांगेवाल्याला काय सांगायचं, आणि गणित विभाग म्हणजे जिन्याखालची दुसरी खोली, पहिली नव्हे, पहिलीत क्रिकेटचं सामान असतं.

"भिंगारदिवे बाई, चहाच्या वेळी तुमचा विषय काढतो मी," सर म्हणाले. "घाबरू मात्र नका. त्यांना प्रश्न आवडला की पुण्याला संशोधनाची जागा झालीच म्हणून समजा."

समजा... या शब्दावर तर तिची तीन वर्षं उभी होती. एका दोरीत पाठोपाठ दोन गाठी मारायच्या आणि दोन्ही टोकं खिळ्यांना पक्की बांधून टाकायची. आता टोकं न सोडता, दोरी न कापता, नुसतं ओढून-सरकवून त्या दोन गाठी एकमेकींना नाहीशा करतील, अशी एखादी जोडी असेल का? पाच आणि उणे पाच मिळून शून्य होतं, तशी. असणारच. दया बीजगणितात वाढलेली. तिथे प्रत्येकाला त्याचं उलट असतं, ते असतं की नाही हे कुणी विचारतसुद्धा नाही. म्हणून रोज संध्याकाळी ती कागदावर पहिली ओळ लिहायची — समजा, हिची उलट गाठ आहे — आणि मग ती कशी दिसत असेल ते शोधत बसायची. खुर्चीच्या दोन हातांना सुतळी बांधून.

खरं तर हे खूळ बाबांचं. एलिया भिंगारदिवे, चर्चची घंटा वाजवणारे. थॉमसने, तिच्या थोरल्या भावाने, आपल्याच मनाने लग्न केलं तेव्हा बाबा म्हणाले होते, पुन्यांदा तोंड दाखवू नको. आणि थॉमस नाशिकला गेला तो गेलाच. त्याच आठवड्यात घंटेच्या दोरीला गाठ मारता मारता बाबा तिला म्हणाले — बाय, गाठ बसली ना, तर तिला उलट गाठ बी आसंल कुठंतरी. देवानं कशाचीच येक बाजू केली न्हाई. मग बाबांनी जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर पेरू पाठवले. पेरू परत आले नाहीत, पण उत्तरही आलं नाही. थॉमसने नाताळला घोंगडी पाठवली, ती बाबांनी पेटीत टाकली. गाठीवर गाठ, एकावर एक... आणि तिला वाटत राहिलं की त्या सुतळीतली गाठ सुटली तर... छे. गणितात असलं काही आणू नये. पण ते तिच्या नकळत केव्हाच आलं होतं.

डॉक्टर रिसबूड बुटके, घामेजलेले, अगदी साधे निघाले. आधी ते पहिल्याच खोलीत शिरले आणि स्टंपांना नमस्कार करून परतले, असं त्यांनीच हसत सांगितलं. विद्यापीठात काय काय चालतं ते त्यांनी थोडक्यात सांगितलं — नंबर थिअरी, बीजगणित — आणि मग म्हणाले, "टॉपॉलॉजी काय असते हे सांगण्यापेक्षा दाखवतो. एक साधी दोरी घ्या."

दयाचा हात पर्समध्ये गेला.

त्यांनी फळ्यावर दोरी काढली. एक गाठ, नाव क. पुढे दुसरी, नाव ख. "समजा," ते म्हणाले, "ख ही क-ची उलट गाठ आहे." तिचीच ओळ! शब्दाला शब्द.

"आता बांधत चला. क, ख, क, ख... प्रत्येक गाठ आधीच्यापेक्षा लहान. मुगाएवढी, खसखशीएवढी. थांबायचं नाही. अशा अनंत गाठी या एवढ्याशा दोरीत मावतात, शेवटी एका बिंदूला जाऊन मिळतात." खडू बारीक बारीक होत गेला आणि एका ठिपक्यावर टेकला. "जोड्या लावा. क-ख गेली, क-ख गेली, सगळ्याच गेल्या. दोरी सरळ. बरोबर? आता पहिली क तेवढी राहू द्या. पुढून जोड्या लावा — ख-क, ख-क. त्याही गेल्या. उरलं काय?"

त्यांनी खडू समोरच्यांकडे रोखला.

"क," दया म्हणाली. आपण बोललो हे तिला नंतर कळलं.

"क! तीच दोरी, एकदा सरळ आणि एकदा क. म्हणजे क मुळात गाठच नव्हती. खऱ्या गाठीला उलट गाठ नसते. कधीच. कुठल्याच दोरीत."

संपलं. इतक्या पटकन... तीन वर्षं गेली याचं दुःख व्हायला हवं होतं, आणि ती त्याची वाट पाहत बसली, पण येत होतं ते वेगळंच. अंगावर काटा आला होता. जगात बांधल्या गेलेल्या आणि अजून न बांधलेल्या सगळ्या गाठी, नांगराच्या, होड्यांच्या, पाळण्याच्या — कुणी एक एक तपासायला गेलं असतं तर जन्म पुरला नसता, आणि इथे जिन्याखालच्या खोलीत, भिंतीपलीकडे स्टंप पडलेले असताना, एका घामेजलेल्या माणसाने खडूच्या तुकड्याने त्या सगळ्यांबद्दल 'कधीच नाही' म्हटलं होतं आणि ते खरं होतं. माणसाला असं 'कधीच' म्हणता येतं? देवाघरचा शब्द तो. तिला रडू येईलसं वाटलं, आनंदाने. 'समजा' म्हणून डॉक्टर रिसबूडही त्याच दारात आले होते. पण ते आत काय आहे ते बघून बाहेर पडले, आणि आपण मात्र त्या घरात बिऱ्हाड केलं!

चहाच्या वेळी सरांनी विषय काढला. "आमच्या बाईंचा एक प्रश्न आहे..."

दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. तिने पर्समधून सुतळी काढून बशीशेजारी ठेवली. "मी उलट गाठ शोधत होते, सर. तीन वर्षं."

गुंजाळ सरांचा चेहरा पडला. रिसबूड हसले नाहीत. सुतळी उचलून त्यांनी गाठ अंगठ्याने चाचपली. "वाचायला कुणी दिलं होतं?"

"नाही. मनानेच."

"हं." त्यांनी गाठ उजेडात धरून उलटसुलट फिरवली. "जागेचं मला आज सांगता येणार नाही. पण पुण्याला या. दर गुरुवारी चर्चासत्र असतं, बाहेरचं कुणीही येऊन बसतं. ग्रंथालयात माझं नाव सांगा. आणि ही आणा."

संध्याकाळी बाबा चर्चच्या पायरीवर घंटेची दोरी मांडीवर घेऊन बसले होते. तिला बघून म्हणाले, "काय गं, गावली का?"

"न्हाई, बाबा. उलट गाठ नसतेच. आज बघितलं मी."

"कोन म्हनतं?"

"कुनी म्हनायचं कामच न्हाई. तसंच हाय ते." आपला आवाज इतका उजळ कसा, याचं तिलाच नवल वाटलं.

बाबांचे हात थांबले. "मंग बाय... बसलेली गाठ सुटायची कशी?"

टोकं सोडायची नाहीत, हा तर नियम होता. तिनेच घातलेला, तीन वर्षांत एकदाही मोडला नव्हता... तिने बाबांकडे पाहिलं. दोरीचं एक टोक त्यांच्या मुठीत होतं, घट्ट, नखं पांढरी पडेतो. थॉमसच्या नाशिकची गाडी सकाळी सातला सुटते हे दोघांनाही ठाऊक होतं.

"कुनीतरी टोक सोडायचं, बाबा," ती म्हणाली.

घंटेची वेळ होत आली होती तरी बाबा उठले नाहीत. दया त्यांच्या शेजारी पायरीवर बसली, आणि त्यांची मूठ उघडते की काय ते बघत राहिली. आता तिला आतून कसलीच घाई वाटत नव्हती.